क्विन्सला सफरचंदाचे नियम लावू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील बागकामाच्या सदरात क्विन्स या फळझाडावर लेख आलेला पाहून मला मनापासून आनंद झाला. या झाडाबद्दल फार कमी लिहिले जाते. पण लेख वाचून संपला तेव्हा आनंदाची जागा काळजीने घेतली. त्यातला सल्ला जसाच्या तसा पाळला, तर ज्यांच्या परसात क्विन्स आहे त्यांना पुढच्या हंगामात फळ दिसणार नाही. ज्यांना ते नव्याने लावायचे आहे, ते तर लेखासोबतचा फोटो पाहून भलतेच झुडूप घरी आणतील. म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची मला कल्पना आहे. तरी जागा द्यावी, ही विनंती.

लेखाचा सूर असा, की क्विन्स हा सफरचंदाचा भाऊबंद, तेव्हा त्याची निगाही तशीच राखावी. हिवाळ्यात प्रत्येक फांदी एक तृतीयांश छाटावी, वसंतात नत्रयुक्त खताची मात्रा सढळ हाताने द्यावी, बुंध्याभोवतीची माती खोल खणून मोकळी ठेवावी, परागीभवनासाठी किमान दोन झाडे लावावीत, फळ पिवळे दिसू लागताच तोडून सफरचंदांच्याच पेटीत ठेवावे, असे त्यात लिहिले आहे. भाऊबंद असणे खरे आहे. सफरचंद, नाशपाती आणि क्विन्स ही तिन्ही गुलाबाच्याच कुळातली. परंतु सायडोनिया या प्रजातीत क्विन्स ही एकटीच जात आहे. तिची फुलण्याची, फळण्याची आणि आजारी पडण्याचीही रीत स्वतंत्र आहे, आणि वरच्या सल्ल्यांपैकी एकही तिला लागू पडत नाही.

मी आयुष्यभर रोपवाटिकेत कलमे बांधण्याचे काम केले. क्विन्सची आणि माझी ओळख आधी खुंट, म्हणजे ज्यावर दुसऱ्या झाडाचे कलम बांधतात ते मूळझाड, म्हणून झाली, फळझाड म्हणून बऱ्याच उशिरा. नाशपातीचे झाड आटोपशीर राहावे आणि लवकर फळावर यावे म्हणून ते क्विन्सच्या खुंटावर बांधतात. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्रातून आलेले ‘क्विन्स ए’ आणि ‘क्विन्स सी’ हे खुंट माझ्या हाताखालून सतत जात. वर डोळा भरायचा नाशपातीचा, आणि खाली राबायचे क्विन्सने. या झाडाला स्वतःचे फळ धरू द्यावे असे कोणाच्या मनात येत नसे. मी मात्र त्यातले एक कुंडीत वाढवले आणि पुढे जमिनीत उतरवले. आज माझ्या परसात क्विन्सची दोन झाडे उभी आहेत आणि ओळखीचे लोक आपापली झाडे दाखवायला मला बोलावतात. त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : ‘झाड हिरवंगार आहे हो, पण फळ धरत नाही.’ अशा वेळी मी आधी फांद्यांची टोके पाहतो. बहुतेक ठिकाणी टोके उरलेलीच नसतात. कात्री फिरलेली असते.

क्विन्सची फळधारणा समजून घेतली तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून या मुद्द्यावर जरा थांबतो. सफरचंदाला जुन्या लाकडावर आखूड, जाडसर, सुरकुतलेल्या फळफांद्या येतात. त्या वर्षानुवर्षे तिथेच राहतात आणि त्यांच्यावर फुलांचे घोस लागतात. लांब फांदी मागे छाटली तरी या फळफांद्या शाबूत असतात, उलट त्यांना जोर येतो. क्विन्समध्ये अशा फळफांद्या फारच थोड्या. गेल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर, मुख्यतः तिच्या टोकाकडच्या भागात, जे डोळे असतात ते वसंतात फुटतात. त्यातून आधी पानांसकट एक आखूड कोवळा फुटवा निघतो, आणि त्या फुटव्याच्या अगदी शेंड्याला एकच फूल उमलते. घोस नाही, एकेकटे फूल. पाच पाकळ्यांचे, पांढरट गुलाबी, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढे. म्हणजे हिवाळ्यात ज्याने प्रत्येक फांदीचा शेंडा एक तृतीयांश कापला, त्याने पुढच्या वर्षीची बहुतेक फुले त्याच दिवशी जमिनीवर टाकली. शिवाय कापलेल्या जागेखालून जोमदार उभे धुमारे येतात, झाड भरगच्च दिसते, मालक खूश होतो, आणि पुढच्या हिवाळ्यात तेच धुमारे पुन्हा कापतो. असे वर्षानुवर्षे वांझ ठेवलेले एक झाड मी पाहिले आहे. त्याचे मालक अतिशय कष्टाळू आणि नीटनेटके गृहस्थ. कात्रीला हात न लावण्याचे मी त्यांच्याकडून वचन घेतले, तेव्हा कुठे त्या झाडाला फळ आले.

छाटणी मुळीच करू नये, असे मात्र नाही. लहान रोपाला पहिली तीन-चार वर्षे आकार द्यावाच लागतो. सुप्तावस्थेत, म्हणजे पानगळ पूर्ण झाल्यापासून डोळे फुगेपर्यंतच्या काळात, मुख्य चार-पाच फांद्या निवडाव्यात, त्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्यावर मागे घ्याव्यात आणि मधला भाग मोकळा ठेवावा. एवढ्या काळापुरते फांद्या आखूड करणे योग्य आहे, कारण तेव्हा आपल्याला सांगाडा हवा असतो. सांगाडा उभा राहिला की धोरण पूर्ण बदलायचे. त्यानंतर फक्त वाळलेली, रोगट, एकमेकींना घासणारी आणि झाडाच्या पोटात घुसणारी फांदी काढायची, आणि ती काढताना अर्धी न कापता तिच्या उगमापासून काढायची. जुने झाड फारच दाटले असेल तर विरळणी दोन-तीन हिवाळ्यांत वाटून घ्यावी. एका वर्षी पाचवा हिस्सा, फार तर चौथा हिस्सा लाकूड काढले तरी पुरे. आणखी एक लक्षात ठेवावे. क्विन्सची फांदी सरळ वाढत नाही. ती वाकते, वळते, कुठेही कोन करते. ज्यांना झाडे रेखीव आवडतात त्यांचा हात तिच्याकडे शिवशिवतो. तो आवरावा. ही वाकडी वाढ हा त्या झाडाचा दोष नाही, आणि हिवाळ्यात निष्पर्ण झाल्यावर तर मला ती फार सुंदर वाटते.

आता फोटोबद्दल. लेखासोबत जो फोटो छापला आहे तो क्विन्सचा नव्हे. गडद लालभडक फुले, निष्पर्ण काटेरी काटक्या, दाट झुडूप : हे केनोमेलिस आहे. त्यालाही बाजारात ‘जपानी क्विन्स’ किंवा ‘फुलांचा क्विन्स’ म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. शोभेचे झुडूप म्हणून ते उत्तम आहे आणि त्याला लहान, कडक, आंबट फळेही येतात. पण सायडोनिया घ्यायला गेलेल्या माणसाने केनोमेलिस आणले तर त्याचे अनेक वर्षे वाट पाहणे फुकट जाते. ओळख अवघड नाही. केनोमेलिसची फुले पाने येण्यापूर्वीच जुन्या लाकडाला चिकटून येतात. खऱ्या क्विन्सला आधी पाने, मग फुले. केनोमेलिसच्या पानाची कड करवतीदार आणि पान गुळगुळीत असते, तर क्विन्सच्या पानाची कड अखंड असते आणि खालच्या बाजूला करड्या रंगाची मऊ लव असते. बोट फिरवले की लगेच कळते. क्विन्सला काटे नसतात. तिसरे एक झाड ‘चिनी क्विन्स’ या नावाने मिळते. त्याच्या खोडाची साल पापुद्रे सुटून ठिपकेदार दिसते आणि पानांच्या कडा दातेरी असतात. तेही वेगळेच. रोप घेताना चिठ्ठीवर सायडोनिया ऑब्लाँगा हे नाव आहे का, एवढे पाहिले तरी फसगत टळते.

लावणीविषयी लेखात फारसे काही नव्हते, म्हणून माझ्या अनुभवातले थोडे सांगतो. क्विन्सचे मूळ कॉकेशस आणि उत्तर इराणच्या पट्ट्यातले. आज जगात सर्वाधिक क्विन्स तुर्कस्तानात पिकतात. यावरून त्याच्या आवडीनिवडीचा अंदाज येतो : थंड हिवाळा आणि लांब, उबदार उन्हाळा. सुप्तावस्थेतले झाड उणे २५ अंशांच्या आसपासची थंडीही सोसते, पण फळ पिकायला मात्र भरपूर ऊन लागते. म्हणून जागा निवडताना दिवसभर ऊन येईल, आणि झोंबरा वारा अडेल अशी निवडावी. भिंतीच्या आडोशाला हे झाड खुशीत राहते. हिवाळ्यात ७ अंशांखालचे काही तास त्याला हवेच असतात. साधारण १०० ते ४५० तास, जातीनुसार कमीजास्त. बऱ्याच सफरचंदांपेक्षा ही गरज कमी आहे. पण जिथे हिवाळा असा नसतोच, तिथे हे झाड लावून दरवर्षी हिरमोड करून घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. ते जगेल, पाने देईल, पण भरवशाचे फळ देणार नाही.

माती खोल, सकस आणि ओल धरून ठेवणारी हवी. सफरचंदाला सोसणार नाही इतकी ओल क्विन्सला चालते, ओढ्याकाठच्या जमिनीतही ते तग धरते. मात्र पाणी कायम साचून राहिले तर तेही कुजते. चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह घेता येत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशी पाने दिसली की लोक नत्र कमी पडले समजून युरिया टाकतात आणि दुखणे वाढवतात. तिथे सेंद्रिय खत भरपूर मिसळणे आणि चिलेटेड, म्हणजे मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातले, लोह देणे हाच मार्ग. दोन झाडांत किंवा झाड आणि भिंत यांत पुरेसे अंतर ठेवावे. झाड चार ते सहा मीटरपर्यंत वाढते आणि पसरतेही तेवढेच. ‘क्विन्स सी’ खुंटावरचे झाड थोडे ठेंगणे राहते. पहिली तीन-चार वर्षे काठीचा आधार द्यावा, कारण मुळे वरच्या थरात असतात आणि रोप कलते.

एक गोष्ट कलमे बांधणारा म्हणून सांगतो. क्विन्सचे रोप विकत घेण्याऐवजी ओळखीच्या चांगल्या झाडाची काडी मागून आणावी. पानगळीनंतर पेन्सिलीएवढी जाड, वीत-सव्वा वीत लांब अशी त्या वर्षीची पक्की काडी घेऊन दोन तृतीयांश मातीत गाडली तर ती बहुधा मुळे धरते. फळझाडांत इतक्या सहज काडीवर येणारी झाडे थोडीच. बी लावले तरी उगवते, पण बियांपासून आलेले झाड आईच्या गुणांचे निघेल याची खात्री नसते. काडीवरचे झाड स्वतःच्याच मुळांवर असते, त्यामुळे बुंध्याशी आलेला धुमाराही त्याच जातीचा असतो आणि तो मुळासकट उपटून शेजाऱ्याला देता येतो. कलम असेल तर धुमारा खुंटाचा असतो. तो वाढू देऊ नये, आणि कापण्यापेक्षा कोवळा असतानाच हिसका देऊन ओढून काढावा. कापला की तो पुन्हा दोन तोंडांनी फुटतो. ज्यांना नाशपाती बांधायची आहे त्यांच्यासाठी जाता जाता एक सूचना : विल्यम्ससारख्या काही नाशपाती क्विन्सवर नीट जुळत नाहीत. मधे ब्यूरे हार्डीसारख्या जुळणाऱ्या जातीचा तुकडा घालून दुहेरी कलम करावे लागते.

खणण्याचा सल्ला तर मला सर्वांत जास्त खटकला. क्विन्सची बरीचशी मुळे उथळ असतात. बुंध्याभोवती कुदळ चालवली की अन्न आणि पाणी शोषणारी बारीक मुळे तुटतात आणि जखमी मुळांतून धुमाऱ्यांचे रान माजते. तण हाताने उपटावे. मग मातीवर दरवर्षी वसंताच्या सुरुवातीला, माती ओली असताना, कुजलेल्या शेणखताचे किंवा पालापाचोळ्याचे चार बोटे जाडीचे आच्छादन पसरावे. ते खोडाला भिडू देऊ नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर साल कुजते. आच्छादनाचा खरा उपयोग उन्हाळ्यात दिसतो. क्विन्सला पाण्याची ओढाताण सोसत नाही. फळ फुगत असताना माती कोरडी पडली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळाले, तर गर भराभर वाढतो, साल तेवढी ताणली जात नाही आणि फळ तडकते. तडकलेल्या फळात पुढे बुरशी शिरते. रोज थोडे-थोडे शिंपडण्यापेक्षा ठरावीक दिवसांनी खोलवर भिजेल असे पाणी द्यावे, आणि ते मुळाशी द्यावे, पानांवर नव्हे.

पानांवर नको याचे कारण रोग. क्विन्सचे दोन मोठे शत्रू आहेत आणि लेखात दोघांचाही उल्लेख नव्हता. पहिला पानांवरचा करपा. डिप्लोकार्पॉन नावाच्या बुरशीने होतो. पानांवर बारीक तांबूस-काळे ठिपके येतात, ते वाढून एकमेकांत मिसळतात, पान पिवळे पडून भर उन्हाळ्यात गळते आणि फळांवरही काळे डाग पडतात. ओलसर, ढगाळ हवामानात तो झपाट्याने पसरतो. ही बुरशी गळलेल्या पानांत आणि रोगट शेंड्यांत हिवाळा काढते. म्हणून पानगळीनंतर झाडाखालचे प्रत्येक पान झाडून उचलणे आणि रोगट शेंडे काढून नष्ट करणे हा यावरचा निम्मा इलाज आहे. माझ्या दोन झाडांपैकी ज्याच्याभोवती हवा खेळते ते स्वच्छ राहते, आणि कुंपणाला खेटून असलेल्या झाडावर ओल्या वर्षी ठिपके येतातच. औषध एकच, काळजीही सारखीच, फरक फक्त हवेचा. त्यामुळे नवीन झाड लावणाऱ्याला मी अंतराबद्दल पुन्हा-पुन्हा बजावतो.

दुसरा शत्रू अधिक भयंकर : फायर ब्लाइट. एर्विनिया अमायलोव्होरा या जिवाणूमुळे होणारा हा रोग सफरचंद-नाशपातीलाही होतो, पण क्विन्स त्याला विशेष लवकर बळी पडते. फुलोऱ्याच्या दिवसांत हवा उबदार आणि दमट असली की मधमाश्या आणि पावसाचे शिंतोडे यांच्याबरोबर जिवाणू फुलात शिरतो. फूल काळे पडते, मग शेंडा कोमेजतो आणि मेंढपाळाच्या काठीसारखा आकडा होऊन लोंबतो. पाने होरपळल्यासारखी दिसतात, पण गळत नाहीत. सालीवर चिकट थेंब आले तर खात्रीच समजावी. असा शेंडा दिसला की त्याच दिवशी, कोरड्या हवेत, जिथपर्यंत रोग दिसतो त्याच्या किमान ३० सेंटिमीटर खालून, निरोगी लाकडात कापावे. प्रत्येक कापणीनंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसावी आणि कापलेले सगळे जाळावे. इथे हात आखडला तर रोग फांदीतून खोडात उतरतो, आणि खोडात उतरल्यावर झाड वाचवणे फार कठीण होते. आता नत्राच्या मात्रेचा प्रश्न घ्या. नत्र जास्त झाले की लुसलुशीत, पाणीदार फुटवे येतात आणि हा जिवाणू नेमका अशाच फुटव्यांत सर्वांत वेगाने धावतो. म्हणजे ‘सढळ हाताने नत्र’ हा सल्ला केवळ निरुपयोगी नाही, घातक आहे. चांगल्या मातीतल्या झाडाला शेणखताचे आच्छादन आणि वसंतात थोडे पालाश पुरते. फुटवे वर्षाला हातभर वाढत असतील तर बाहेरून नत्र द्यायची गरज नाही.

फळे कुजवणारी तपकिरी बुरशीही येते. फळावर करड्या पुरळांची वर्तुळे दिसतात आणि ते वाळून फांदीला लटकून राहते. ती वाळकी फळे झाडावर ठेवू नयेत, पुढच्या वर्षीची लागण त्यांच्यातूनच होते. गरात शिरणारी अळी बहुतेक कॉडलिंग मॉथ या पतंगाची असते. फुलोरा ओसरत आला की नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावावेत.

परागीभवनाबद्दल थोडक्यात. क्विन्सच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागाने फळतात. एक झाड पुरते. जवळ दुसऱ्या जातीचे झाड असेल तर फळे थोडी अधिक धरतात, एवढेच. लहान अंगणातल्या माणसाला ‘दोन झाडे लावा’ सांगून आपण त्याला परावृत्त करतो. फुले उशिरा, पाने आल्यानंतर येत असल्यामुळे वसंतातल्या शेवटच्या हिमदंशातून ती बहुधा वाचतात, ही या झाडाची आणखी एक जमेची बाजू.

जातींविषयी माझे मत असे. सर्बियातली व्हरान्या मोठे, नाशपातीच्या आकाराचे, सुवासिक फळ देते, पण फळायला जरा वेळ घेते. मीच्स प्रॉलिफिक लवकर फळावर येते, धीर कमी असणाऱ्यांनी ती लावावी. तुर्कस्तानातून आलेली स्मर्ना आणि ल्यूथर बरबँक यांनी १८९९ मध्ये कॅलिफोर्नियात आणलेली पाइनॅपल या उबदार हवेत चांगल्या पिकतात. करप्याचा त्रास असलेल्या ओलसर जागी सर्बियन गोल्ड निवडावी. माझी आवड विचाराल तर व्हरान्या, तिच्या वासासाठी.

तोडणीच्या सल्ल्याबद्दल लिहायचे राहिले. फळ पिवळे दिसू लागले म्हणजे तयार झाले, असे नाही. उत्तर गोलार्धात ते ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरपर्यंत झाडावर ठेवावे लागते. हिरवट झाक पूर्ण जाऊन सोनेरी रंग यावा, अंगावरची करडी लव बोटाने चोळताच निघावी आणि झाडाजवळ जाताच वास यावा, मग तोडावे. कडाक्याचे हिम पडण्यापूर्वी मात्र उतरवावे. फळ दगडासारखे कठीण, म्हणून लोक ते टोपलीत टाकतात. पण क्विन्सच्या सालीखाली मार लगेच लागतो आणि आठवड्याभरात तिथे तपकिरी डाग पडतो. दोन्ही हातांनी उचलून, देठाशी हलके फिरवून तोडावे. साठवताना एकाच थरात, एकमेकांना न लागता, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. असे ठेवलेले फळ सहा ते आठ आठवडे सहज टिकते. सफरचंदांच्या पेटीत कधीही ठेवू नये, क्विन्सचा वास त्यांच्यात उतरतो. अधूनमधून एखादे कापून पाहावे, कारण वरून ठणठणीत दिसणारे फळ आतून तपकिरी झालेले असू शकते.

कच्चे खाऊन ‘हे काय फळ!’ म्हणणारे मला अनेक भेटतात. बहुतेक जातींचे फळ कच्चे खाण्यासाठी नसतेच. त्यात टॅनिन भरपूर असल्याने तोंड आवळते आणि गरात दगडी पेशींची रवाळ कचकच असते. तेच फळ थोड्या आंबट रसात मंद आचेवर बराच वेळ शिजवले की गर मऊ होतो आणि फिकट पिवळ्याचा गुलाबी, गुलाबीचा माणकासारखा लाल होतो. रंग बाहेरून घालावा लागत नाही. टॅनिनमधलीच रंगहीन द्रव्ये उष्णतेने आणि आम्लाने लाल रंगद्रव्यात बदलतात. पेक्टिन इतके असते की जेली आपोआप घट्ट होते. बिया मात्र चावू नयेत, त्यात अमिग्डालिन हे विषारी ठरू शकणारे द्रव्य असते.

आपल्या सदराचे लेखक अभ्यासू आहेत, हे त्यांच्या आधीच्या लेखांवरून मला ठाऊक आहे. त्यांनी या झाडाकडे पुन्हा एकदा वळावे आणि केवळ क्विन्सवर, सफरचंदाचा आधार न घेता, लिहावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. सोबत फांदीचे एक साधे रेखाचित्र द्यावे : गेल्या वर्षीचे लाकूड कुठपर्यंत, यंदाचा फुटवा कुठून आणि फूल कुठे. ते चित्र माझ्या या लांबलचक पत्रापेक्षा जास्त झाडे वाचवील. पण तो लेख येईल तेव्हा येवो. पानगळ सुरू झाली आहे आणि अनेक घरांत कात्र्यांना धार लावली जात असेल. तेव्हा फांद्या एक तृतीयांश छाटू नयेत आणि छापलेला फोटो क्विन्सचा नाही, एवढ्या दोन ओळींची दुरुस्ती कृपया पुढच्याच अंकात द्यावी.

कळावे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त कलमकार